मुलांच्या अहवालातून डोसचे पान काढू नका : रुग्णालयांचे व्यवस्थापन आणि डॉक्टर यांना खुले पत्र

माननीय व्यवस्थापक आणि सन्माननीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या विभागात एक तोंडी सूचना आली. सीटी स्कॅन संपला की यंत्र आपोआप एक पान तयार करते आणि त्या तपासणीत किरणांची किती मात्रा दिली गेली त्याची नोंद त्यावर असते. आम्ही त्याला डोस रिपोर्ट म्हणतो. लहान मुलांच्या पालकांना देण्याच्या सीडीतून आणि छापील संचातून हे पान यापुढे वगळावे, असे त्या सूचनेत सांगितले होते. पालक तो आकडा पाहून घाबरतात, दुसऱ्या दिवशी येऊन प्रश्न विचारतात आणि डॉक्टरांचा वेळ जातो, हे कारण देण्यात आले. मी ही सूचना लेखी मागितली. ती अद्याप मिळालेली नाही.

मी गेली 22 वर्षे एक्स-रे आणि सीटी विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करते आहे. विभागप्रमुखांशी बोलले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि 'हे वरूनच आले आहे' एवढेच सांगितले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ते एकट्या माझ्या संस्थेसाठी नाही, कारण इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांना विचारले तेव्हा कळले की त्यांच्यापैकी अनेकांकडे हे पान पालकांच्या हाती कधी पडतच नव्हते. आमच्याकडे जे आता बंद झाले, ते तिथे सुरूच झाले नव्हते.

पालकही हे पत्र वाचतील, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. गरजेची तपासणी कोणीही टाळू नये. माती, खडक, हवा, अन्न आणि अवकाश यांतून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी माणशी वर्षाला सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या किरणांच्या परिणामाचे माप) आहे. मुलाच्या छातीच्या एका एक्स-रेमध्ये जेमतेम 0.02 मिलिसीव्हर्ट, म्हणजे अशा दोन-तीन दिवसांइतकी मात्रा जाते. डोक्याच्या एका सीटीत ती साधारण 2 मिलिसीव्हर्ट, म्हणजे वर्षभराच्या आसपास असते. मेंदूत रक्तस्राव झाल्याची शंका असताना या आकड्याकडे पाहून थांबणे हा जिवाशी खेळ ठरेल. सीटीने वाचलेली मुले मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

पण धोका लहान आहे म्हणून तो नाहीच, असे समजून चालता येत नाही. मुलांच्या पेशी वेगाने विभागत असतात, त्यांच्या ऊती किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि झालेल्या इजेचे कर्करोगात रूपांतर व्हायला त्यांच्यापुढे अख्खे आयुष्य असते. ब्रिटनमध्ये 1985 ते 2002 या काळात सीटी झालेल्या सुमारे 1,78,000 मुलामुलींचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि काही सीटींमध्ये मिळून साठणाऱ्या सुमारे 50 मिलिग्रे (अवयवात शोषल्या गेलेल्या किरणांचे माप) मात्रेने रक्ताच्या कर्करोगाचा, तर सुमारे 60 मिलिग्रे मात्रेने मेंदूतील गाठीचा धोका तिपटीच्या घरात जाऊ शकतो, असे त्यातून दिसले. 2023 मध्ये युरोपातील 9 देशांतील जवळपास 10 लाख मुलांच्या आणि तरुणांच्या नोंदींवरून निष्कर्ष आला की आजच्या मात्रेने सीटी झालेल्या दर 10,000 मुलांमागे पुढच्या 12 वर्षांत एक किंवा दोन मुलांना त्या किरणांमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. एका घरासाठी ही शक्यता फार थोडी आहे. पण वर्षाला हजारो मुलांना टेबलावर घेणाऱ्या व्यवस्थेला तसे म्हणून मोकळे होता येत नाही.

याच विषयावरचा 2013 मधला एक अमेरिकी अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या देशात दर वर्षी मुलांचे सुमारे 40 लाख सीटी होत होते आणि त्यांतून भविष्यात 4,870 कर्करोग उद्भवतील, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. सर्वाधिक डोस दिलेल्या वरच्या एक चतुर्थांश तपासण्यांचा डोस नुसता मधल्या पातळीवर आणला, तरी यांतले 43 टक्के टळू शकतील, असेही त्यांनी दाखवले. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही की नवे औषध लागत नाही. आपला विभाग त्या वरच्या चतुर्थांशात आहे का, एवढे कळावे लागते, आणि ते कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे आपण काढून टाकायला सांगितलेले पान.

यात माझा स्वतःचा दोषही आहे, तो सांगितल्याशिवाय तक्रारी मांडण्याचा मला अधिकार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीत चौदा महिन्यांचा एक मुलगा डोक्याच्या सीटीसाठी आला. त्याच्या आधी साठीतले एक गृहस्थ तपासून गेले होते आणि पडद्यावर त्यांचीच सेटिंग उघडी होती. डोके स्थिर ठेवणारा पट्टा त्या बाळाला मोठा पडत होता, म्हणून मी चादरीच्या घड्या करून त्याच्या दोन्ही कानांशी खोचल्या, कपाळावर मऊ कापड ठेवले, त्याच्या आईला शिशाचा ॲप्रन घालून जवळ उभे केले आणि बटण दाबले. पट्टा मोठा पडतो हे मला दिसले, सेटिंगही मोठी पडते आहे हे दिसले नाही. चित्र अतिशय सुरेख आले. सकाळी डॉक्टरांनी माझे कौतुक केले.

त्याच्या आधीच, 2001 मध्ये, अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात मुलांचे सीटी सर्रास मोठ्या माणसांच्या सेटिंगवर होत असल्याचे संशोधकांनी लिहिले होते. जानेवारी 2008 मध्ये बालरोग-रेडिओलॉजिस्ट, तंत्रज्ञ आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ यांच्या संघटनांनी एकत्र येऊन 'इमेज जेंटली' ही मोहीम सुरू केली. मुलाच्या देहमापाप्रमाणे डोस ठरवा, गरज असेल तेव्हाच स्कॅन करा, तेवढाच भाग स्कॅन करा, एकाच फेरीत काम भागवा, असे तिचे साधे सांगणे होते. हे सगळे माझ्यापर्यंत बऱ्याच उशिरा पोहोचले. तोवर मी किती मुलांना असा डोस दिला, हे मला माहीत नाही, कारण तेव्हा ती नोंद कुठे ठेवलीच जात नव्हती. ते मूल आज तरुण असेल. त्याच्या डॉक्टरांना ही गोष्ट कधीच कळणार नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार सेटिंगची आहे. मुलांसाठीच्या सेटिंगचा संच यंत्रासोबत येतो, पण तो एकदा बसवला की पुढे वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही. सॉफ्टवेअर बदलले, किरण सोडणारी नळी बदलली, कंपनीचा माणूस येऊन गेला, की काय राहिले आणि काय पुसले गेले याची तपासणी होत नाही. फिल्मच्या काळात एक्स-रेला डोस जास्त झाला तर फिल्म काळी यायची आणि चूक लगेच सर्वांसमोर उघडी पडायची. डिजिटलमध्ये उलटे झाले आहे. डोस कमी पडला तर चित्रात दाणे दिसतात आणि डॉक्टर तक्रार करतात. डोस जास्त झाला तर चित्र अधिकच गुळगुळीत येते आणि कोणीच काही बोलत नाही. अशा परिस्थितीत तंत्रज्ञाचा हात नकळत वर सरकत जातो. यावर उपाय एकच, आकडा पाहणे. त्यातही एक खाच आहे जी मला आपल्या लक्षात आणून द्यायची आहे. छाती-पोटाच्या सीटीत पडद्यावर दिसणारा आकडा 32 सेंटीमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावरून, म्हणजे मोठ्या माणसाच्या धडावरून काढलेला असतो. छोट्या बाळाच्या शरीराला बसलेला प्रत्यक्ष डोस त्याच्या दुपटीहून अधिक असू शकतो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने देहमापानुसार हा आकडा दुरुस्त करण्याची कोष्टके 2011 मध्येच प्रसिद्ध केली आहेत. ती आमच्या विभागाच्या भिंतीवर नाहीत. दर रुग्णामागे किती मिनिटे लागली याचा तक्ता मात्र आहे, आणि रडणाऱ्या मुलालाही त्यात तेवढीच मिनिटे आहेत. बाळाला दूध पाजून, गुंडाळून, झोप लागेपर्यंत दहा मिनिटे थांबता आले नाही तर ते हलते, चित्र धूसर येते आणि स्कॅन पुन्हा करावा लागतो. वाचवलेल्या दहा मिनिटांसाठी मूल दुप्पट डोस घेऊन घरी जाते.

दुसरी तक्रार डॉक्टरांना उद्देशून आहे, आणि मी ती पूर्ण आदराने करते. डोक्याला मार लागलेल्या मुलांपैकी कोणाला सीटी लागत नाही हे ओळखण्याची पद्धत 2009 पासून उपलब्ध आहे. उत्तर अमेरिकेतील 25 आपत्कालीन विभागांमधील 42,412 मुलांवर तो अभ्यास झाला. मूल सावध आणि नेहमीसारखे वागते का, शुद्ध हरपली होती का, उलट्या झाल्या का, कवटीचे हाड मोडल्याची खूण आहे का, मार किती जोराचा होता, असे मोजके प्रश्न त्यात आहेत, आणि दोन वर्षांखालील मुलांसाठी ते थोडे वेगळे आहेत. त्या 42,412 मुलांपैकी खरोखर गंभीर इजा 376 जणांना होती, म्हणजे शंभरात एकालाही नाही, पण सीटी मात्र तिघांत एकाहून अधिकांचा झाला होता. हे प्रश्न विचारायला आणि काही तास मुलाला नजरेखाली ठेवायला मनुष्यबळ लागते, हे मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर 'पडला, सीटी ब्रेन' यापलीकडे बहुतेक वेळा काही नसते. पोटदुखीचे तसेच. अपेंडिक्सची शंका असलेल्या मुलाची आधी सोनोग्राफी करावी हे सर्वमान्य आहे, पण रात्री सोनोग्राफी करणारे डॉक्टर उपलब्ध नसतात आणि सीटी चोवीस तास सुरू असतो. मुलाला किरण मिळणार की नाही, हे मग त्याच्या आजारावरून न ठरता घड्याळावरून ठरते. हा प्रश्न डॉक्टरांचा कमी आणि व्यवस्थापनाचा अधिक आहे.

तिसरी तक्रार पुन्हा पुन्हा होणाऱ्या तपासण्यांची. मागच्या पावसाळ्यात चार वर्षांची एक मुलगी दुसऱ्या केंद्रातून पाठवली गेली. तिच्या डोक्याचा सीटी दोन दिवसांपूर्वीच झालेला होता आणि तिच्या वडिलांच्या हातात त्याची सीडी होती. आमच्या संगणकावर ती उघडली नाही. दुसऱ्या संगणकावर उघडून पाहू, असे मी म्हणाले, तर उत्तर आले की आपला स्वतःचा स्कॅन असलेला बरा. ती मुलगी आत येताना मला म्हणाली, "मला माहितीये, हलायचं नाही." एवढ्या लहान वयात तिला ते पाठ झाले होते. तिचा दुसरा स्कॅन पहिल्यापेक्षा वेगळे काहीही दाखवू शकला नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते, कारण त्या सुधारायला एक दिवसही पुरे आहे. नवजात बाळाच्या छातीचा एक्स-रे मागितला असता किरणांची चौकट डोक्यापासून पोटापर्यंत उघडी ठेवायची आणि नंतर संगणकावर चित्र कापायचे, हे थांबले पाहिजे. चित्र कापल्याने बाळाला मिळालेला डोस कमी होत नाही. बारीक अंगाच्या बाळासाठी ग्रिड (विखुरलेले किरण गाळणारी जाळी, तिच्यामुळे डोस वाढतो) काढून ठेवावी. मुलांच्या पोटाच्या सीटीत बहुतेक वेळा एकच फेरी पुरते, तरी मोठ्यांप्रमाणे दोन-तीन फेऱ्या होतात. पाठीच्या कण्याला बाक असलेल्या मुलींचे वर्षानुवर्षे एक्स-रे काढावे लागतात, ते किरण पाठीमागून पुढे जातील अशा रीतीने काढावेत, म्हणजे स्तनांना कमी किरण मिळतात. ही काळजी पूर्वी घेतली जात नसे, आणि अशा 5,573 स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात, ज्यांचे सरासरी सुमारे 25 एक्स-रे झाले होते, स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे 70 टक्क्यांनी अधिक निघाले.

शिशाच्या ॲप्रनबद्दल इथे सांगणे गरजेचे आहे, कारण बहुतेक पालकांना तोच सुरक्षेचा पुरावा वाटतो. जननेंद्रियांवर शिसे ठेवण्याची सवय सोडावी, असे अमेरिकी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये सांगितले. ते शिसे चौकटीत आले तर यंत्राला मूल जाड वाटते आणि ते आपोआप डोस वाढवते, किंवा बघायचा भाग झाकला जाऊन तपासणी पुन्हा करावी लागते. खरी सुरक्षा सेटिंगमध्ये असते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर तिचा आकडा हवा.

आणि आता त्या पानाबद्दल. क्ष-किरणांचा शोध नोव्हेंबर 1895 मधला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डोक्यात गोळी घुसलेल्या एका मुलाचे छायाचित्र घ्यायची विनंती आली, तेव्हा डॅनियल आणि डडली या दोन प्राध्यापकांनी त्या मुलाला हात लावण्यापूर्वी प्रयोग डडलींच्या डोक्यावर करून पाहिला. एकवीस दिवसांनी डडलींचे त्या जागचे केस गळाले. त्या काळी डोस मोजायला साधन नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःचे डोके पुढे केले. आपल्याकडे साधन आहे, आणि ते असूनही काय होऊ शकते हे 2009 मध्ये दिसले. लॉस एंजेलिसमधील एका मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या सीटीची सेटिंग बदलली गेली आणि सुमारे दीड वर्ष 200 हून अधिक रुग्णांना ठरलेल्याच्या सुमारे आठपट डोस मिळत राहिला. आकडा प्रत्येक वेळी पडद्यावर होता. तो कोणी वाचला नाही. एका रुग्णाचे केस गळाले, तेव्हा ते उघडकीस आले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि 1 जुलै 2012 पासून सीटीच्या अहवालात डोस नोंदवणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या 2013 च्या निर्देशानुसार रुग्णाला मिळालेल्या किरणांची माहिती अहवालाचा भाग असावी लागते, आणि सदस्य देशांना ते अमलात आणण्यासाठी फेब्रुवारी 2018 ची मुदत होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये मुलांच्या तपासणीतील धोका पालकांना कसा समजावून सांगावा यावर स्वतंत्र मार्गदर्शन काढले आहे. पालक घाबरतात म्हणून त्यांना सांगू नये, असे त्यात म्हटलेले नाही. त्यांच्याशी बोलावे कसे, हे त्यात आहे.

पालक घाबरतात हे खरे आहे. मी त्यांना घाबरलेले पाहिले आहे. त्यांना तीन मिनिटे देऊन आकड्याचा अर्थ समजावला की बहुतेक जण शांत होतात, आणि जे प्रश्न विचारतात त्यांचे प्रश्न चांगले असतात. हाच आकडा मागच्या वेळी किती होता, असे एका आईने मला विचारले होते. आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. मुलाच्या प्रत्येक सीटी अहवालात डोस छापला जावा, छाती-पोटाच्या बाबतीत तो देहमापानुसार दुरुस्त केलेला असावा आणि डोस रिपोर्टचे पान पालकांना न मागता मिळावे. मुलांच्या सेटिंगचा संच वय आणि वजनाप्रमाणे लेखी ठरवला जावा, रेडिओलॉजिस्ट, भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ यांनी तो दर वर्षी आणि यंत्राच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर एकत्र बसून तपासावा. विभागातील मुलांच्या डोसची मधली पातळी दर तीन महिन्यांनी काढून ती राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय संदर्भ पातळीशी ताडून पाहावी आणि निकाल सूचनाफलकावर लावावा, तो कमीपणा आणणारा असला तरीही. सीटीच्या चिठ्ठीवर कारण आणि आधीच्या तपासण्यांची माहिती नसेल, तर ती विचारण्याचा अधिकार तंत्रज्ञाला असावा आणि विचारल्याबद्दल त्याला बोलणी बसू नयेत. बाहेरची सीडी उघडण्याची सोय झाल्याशिवाय आणि रेडिओलॉजिस्टने ती पाहिल्याशिवाय मुलाचा स्कॅन पुन्हा करू नये. रात्री सोनोग्राफीची व्यवस्था करावी. ती लगेच शक्य नसेल, तर कधी होईल ती तारीख सांगावी. मुलांच्या तपासणीला मिनिटांच्या तक्त्यातून वगळावे.

आणि गेल्या महिन्यातली सूचना एकतर मागे घ्यावी, नाहीतर कारणासह आणि सहीनिशी लेखी द्यावी. लेखी येईपर्यंत माझ्या पाळीत तपासल्या जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या संचात ते पान असेल.

कळावे,

आपली नम्र,
सीटी विभागातील एक तंत्रज्ञ